दादांचा शंख

माझे थोरले बंधू दादा भाद्रपदातल्या एका सोमवारी दुपारी वारले.

रत्नागिरीत आमच्या आळीतल्या देवळात सायंकाळी शंख वाजवण्याचा मान आमच्या घराकडे होता. तो दादांनीच सांभाळला. मी शाळेत इंग्रजी शिकवी आणि त्या वेळी घरी वाचत बसे. आई पायांनी अधू होती. शंख कानी पडला की ती अंथरुणावरूनच हात जोडी आणि मग जेवी.

सुतक फिटल्यावर शंख माझ्या हाती आला. गाल दुखेपर्यंत फुंकला, पण नुसती हवा सुटली. गुरव म्हणाला, "मास्तर, शंख आहे, चूल नव्हे." त्याला वाजवायला सांगू का, असे आईला विचारले. ती म्हणाली, आपल्या घरचा हवा. त्या दिवशी ती चार घोट पेज घेऊन निजली. पुढेही तेच चालले. ती डोळ्यांदेखत वाळू लागली.

दादा गेल्यापासून माझा श्वास उथळ चाले. वर्गात हजेरी घेताना अर्ध्या नावावर अडके. डॉक्टरांना छातीत काही सापडले नाही.

एका संध्याकाळी शंख मांडीवर घेऊन मी देवळाच्या पायरीवर बसलो. माझ्याने होत नाही, एवढेच देवाला मनात सांगितले. देवरूखकडून पायी आलेली एक बाई खांबाला टेकून बसली होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "बसा वायच. आधी आतला सोडा. घ्यायची घाई कशाला? देणारा देतो."

मी श्वास सोडला आणि थांबलो. त्या रिकाम्या क्षणाचीच मला इतके दिवस धास्ती होती. पण श्वास आला. मी न ओढता आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. डोळे भरून आले. मग शंख ओठांना लावला. आवाज लहान निघाला, जरा फाटका, पण निघाला.

घरी आई अंथरुणावर उठून पानाची वाट पाहत बसली होती. "दादाचा लांब जायचा," म्हणाली, आणि जेवली.

ती बाई कोण, हे मी शोधले नाही. शंखापूर्वी दादा काय करीत, तेही असेच स्वस्थ बसत का, हे मात्र विचारायला हवे होते. एका घरात जन्म काढला आणि विचारले नाही.

आता आईही नाही. वर्गात गलका वाढला, मन घाबरे झाले, की मी श्वास सोडतो आणि पुढचा येण्याची वाट पाहतो. तो येतो. संध्याकाळी शंख वाजवतो. घरी ऐकणारे कोणी नाही.