बांधावरचा देवकापूस

मी शेतकी खात्यात कामदार, म्हणजे शेतांवर देखरेख करणारा खालचा नोकर म्हणून लागलो, तेव्हा निजामाचं राज्य होतं. अंबड तालुक्यातल्या एका गावात खात्याने बियाण्यासाठी गावरानी कापूस लावून घेतला होता. त्यात दुसरी जात मिसळू द्यायची नाही, एवढंच माझं काम. पीक निर्मळ राहिलं तर सरकीच्या पोत्यांना शिशाचं सील आणि उर्दूत छापलेली चिठ्ठी लागायची. मग पुढच्या पेरणीला ती सरकी तालुक्यात वाटली जायची.

शेत एका उतारवयाच्या जोडप्याचं होतं. बांधावर देवकापसाचं झाड होतं, माणसाहून उंच. नियमाने ते काढायलाच हवं होतं. मधमाश्यांनी त्याचा पराग या कापसावर नेला की बी बिघडलंच. मी तसं सांगताच बाई झाडापुढे जाऊन उभी राहिली.

"माह्या सासूनं लावलेलं हाये, दादा. घरातल्या देवाच्या वाती याच्याच. फूल उमलूच दिलं न्हाई तं चालंल का?"

"रोज सकाळी सगळ्या कळ्या खुडाव्या लागतील."

"खुडते की!"

मला परवानगी द्यायचा अधिकार नव्हता. नोकरीही नवी होती. पण घरी माझी आईसुद्धा असाच कापूस मांडीवर घेऊन वाती वळायची. मी हो म्हणून बसलो.

दर आठवड्याला न कळवता जायचो. झाडावर कधी फूल दिसलं नाही. दसऱ्याच्या सुमारास गेलो, तेव्हाही झाड साफ होतं. वहीत तसं लिहून निघालो, तोच बाई घोंगडी पांघरून बाहेर आली. चेहरा ओढलेला. पदराची गाठ सोडून तिने एक कोमेजलेलं, लालसर फूल माझ्या हातावर ठेवलं.

"दोन दिस ताप आल्ता मला. यायनी खुडल्या कळ्या, पन शेंड्याचं एक ऱ्हाऊन गेलं. उमललं व्हतं."

"माझीच नजर चुकली, साहेब," नवरा खाली बघत म्हणाला.

ती बोलली नसती तर मला कळलंही नसतं. घरी येऊन मी सगळं उर्दूत लिहून जालन्याला वरिष्ठांकडे पाठवलं. झाड माझ्या हुकमाने राहिलं, हेही लिहिलं.

चार दिवसांनी ते स्वतः घोड्यावरून आले. पांढरी दाढी, मराठी मोडकीतोडकी. गावाबाहेरच थांबवून त्यांनी मला असं झापलं, की माझे कान तापले. मग शेतात येऊन बांधावर बसले आणि बाईला विचारलं, "किसीने देखा नव्हतं. मग सांगितलं कशाला?"

"सरकार, हीच सरकी माह्या भावाच्या वावरात जानार. बिघडली तं त्याला काय तोंड दाखवू?"

ते उठून झाडापासून पावलं मोजत गेले. झाडाकडच्या ओळींचा कापूस वेगळा वेचायचा, त्याची सरकी ढोरांना घालायची, बाकीचं पीक बराबर, असं त्यांनी सांगितलं.

"आणि हे झाड?" मी भीत भीत विचारलं.

"रहने दो. पुढच्या साली बियाणं याच्यापासून दूर, ओढ्यापलीकडे लावा."

वेचणीच्या वेळी बाई त्या ओळींत कुणाला शिरू देईना. तो कापूस तिने एकटीनेच वेचला. जालन्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, दुसऱ्याचं बी राहू नये म्हणून यंत्र झाडून घेतलं, तेव्हा तिचा नवरा माझ्याबरोबर उभा होता. पोत्यांना चिठ्ठ्या लागल्या. त्याने एक चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

पुढे माझा अहवाल नक्कल करायला परत आला. झाड माझ्या हुकमाने राहिलं, ही ओळ लाल शाईने खोडलेली होती. खाली वरिष्ठांच्या अक्षरात लिहिलं होतं की, झाड ठेवायला तोंडी इजाजत त्यांनीच दिली होती.

तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. त्या ओळीबद्दल ना ते कधी बोलले, ना मला विचारायचा धीर झाला.