लाइनमनने जीप मऊ केली, त्याची गोष्ट

लाइनमन निवृत्त झाला तरी सगळे त्याला लाइनमनच म्हणत. मोठ्या दाबाच्या विजेच्या तारा जिथून जातात तिथे रस्ता असेलच असं नाही. तारांना रस्त्याशी काय देणंघेणं? नोकरीभर तो दगडगोट्यांतून, ओढ्यांतून, उभ्या चढांवरून एका मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत जीप हाकत राहिला. खात्याने जुन्या गाड्या मोडीत काढल्या तेव्हा त्याने आपली जीप विकत घेऊन घरासमोर आणून उभी केली. बायकोने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "आली सवत." तेवढंच. पुढे तिनेच त्या सवतीला जुन्या चादरींचं पांघरूण शिवून घातलं.

बायको स्वतः त्या जीपमध्ये क्वचितच बसली. बाजार पायी व्हायचा, नातेवाईक बसने व्हायचे. शिवाय पुढची डावी सीट नव्हतीच. तिथे हत्यारांची लोखंडी पेटी बोल्ट मारून बसवलेली होती, आणि निवृत्त माणसाला एवढी हत्यारं कशाला लागतात, हे विचारण्यात काही अर्थ नव्हता.

मग ती आजारी पडली. आजाराचं नाव घरात कोणी घेत नसे. न घेतल्याने तो काही कमी झाला नाही. महिन्यातून एकदा दूरच्या शहरातल्या हॉस्पिटलात जाऊन सलाइनमधून औषध चढवून घ्यायचं ठरलं. हायवेने सकाळी निघायचं, दुपारी पोचायचं, दुसऱ्या दिवशी परत. डॉक्टरांनी गर्दीत न्यायला बंदी केली, म्हणजे बस बाद. पहिल्या खेपेला भाड्याची गाडी केली. परतताना तिला उलटी झाली, आणि तो ड्रायव्हर काच खाली करून घर येईपर्यंत नाकाला रुमाल लावून बसला. बोलला काहीच नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

"परक्याच्या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही," ती म्हणाली.

"मग आपली आहे की," लाइनमन म्हणाला.

गॅरेजवाला मिस्त्री त्याचा जुना दोस्त. जीपखालून बाहेर येत त्याने हात पुसले.

"हिला हायवेवर न्यायचंय," लाइनमन म्हणाला. "आतलं माणूस हलता कामा नये."

"मग गाडीच हलवू नकोस. हिच्या पाट्यांनी जन्मभर दगड झेललेत. माणूस झेलायला त्यांना शिकवलंय कोणी?"

चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या जुड्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. मिस्त्रीने नको नको म्हणत प्रत्येक जुडीतला एक जाड पाटा काढला, नवे शॉकअप घातले. मागची बाकं उचकटून लाइनमनने तिथे फळ्या ठोकल्या, वर फोमची जाड गादी टाकली, पडणाऱ्याला धरून ठेवायला पट्टे लावले. आजारी माणसाने आडवं पडावं, एवढं साधं त्याचं गणित होतं.

"आणि हे टायर?" मिस्त्रीने एकावर बूट आपटला. "चिखलासाठी केलेले जाड गट्ट्यांचे आहेत हे. हायवेवर नुसते बोंबलतील."

"ते राहू देत."

"का? हॉस्पिटलच्या वाटेत नदी लागते?"

लाइनमन हसला नाही. ते टायर गेले असते तर जीपची नुसती एक उंच मोटार झाली असती, आणि मग आपण कोण उरलो, हे त्याला बघायचं नव्हतं. शिवाय बोंबलतील म्हणजे काय, हे त्याला खरोखरच कळलं नाही. तो आवाज इतकी वर्षं कानात मुरला होता की त्याला तीच शांतता वाटे.

दुसरी खेप जीपने झाली. हादरे खरंच कमी झाले होते. येताना लाइनमन अधूनमधून आरशात बघे. चादरीखालचे तिचे पाय तेवढे दिसत. घरी पोचल्यावर ती कोणाचा हात न धरता उतरली, चादर गोळा केली, ती घेऊन बाथरूममध्ये गेली आणि दार लावलं. बराच वेळ नळ चालू होता.

"आता बास," बाहेर येऊन ती म्हणाली. "मी पुन्हा जाणार नाही."

"हादरे बसले का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही."

अर्ध्यावर सोडलं तर आधीचं औषधही फुकट जाईल, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. लाइनमनने ते तिला सांगितलं. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दुसरं काही सुचेना, म्हणून तो अंगणात जाऊन गादीवर आणखी एक गादी शिवू लागला. माणूस गादी नको म्हणत असेल तर दोन घाला, ही पुरुषी अक्कल.

तिची थोरली बहीण राहायला आली. बाई कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली, आणि गाडी नवऱ्याकडून न शिकता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेली, म्हणून चांगली चालवायची. धाकटीला खोदून विचारलं तर ती आणखी मिटते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती सरळ अंगणात आली.

"या गादीवर तुम्ही कधी पडून पाहिलंत का हो?"

"मी? मी चालवतो ना, ताई."

"तेच म्हणतेय. किल्ली द्या."

"क्लच फार जड आहे हिचा—"

"तुमच्या साडूंना हाकलंय मी जन्मभर. क्लचचं काय सांगता?"

लाइनमन आडवा पडला. ताईंनी पट्टे आवळले आणि गाडी हायवेला लावली. पडल्या जागेवरून त्याला टपाचा पत्रा दिसत होता आणि खिडकीतून नुसतं आभाळ. आपण कुठे आहोत, पुढे काय येतंय, काही कळेना. काढलेल्या पाट्यांमुळे गाडी होडीसारखी डुलत होती, आणि टायरांची घरघर फळ्यांतून थेट डोक्याच्या हाडात शिरत होती. थोड्या वेळाने त्याला मळमळायला लागलं.

"ताई, जरा थांबवा."

ताईंची मान हलली नाही. त्याने मोठ्याने सांगितलं. मग ओरडला. उठायला गेला तर त्यानेच लावलेल्या पट्ट्यांनी त्याला खाली धरलं. शेवटी त्याने मुठीने बाजूचा पत्रा वाजवला, पुन्हा पुन्हा. ताईंनी त्या ठोक्यांकडे लक्षही दिलं नाही. जुन्या गाडीत काहीतरी वाजणारच.

दुसऱ्या खेपेला परतताना त्यालाही असेच ठोके ऐकू आले होते. हत्यारांची पेटी सैल झाली असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने तिचे बोल्ट आवळलेही होते.

घरी आल्यावर तो बायकोच्या खाटेपाशी जमिनीवरच बसला.

"तू हाका मारत होतीस."

ती भिंतीकडून त्याच्याकडे वळली.

"मला सांगायचं नाही का?"

"इतकं ठोकूनठाकून केलंत. काय सांगू?" तिने पांघरुणाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "थांबवा, थांबवा म्हणत होते. नुसती उलटी नव्हती हो. माणसाला लाज असते. मी मागे भिजून पडलेय आणि तुम्ही पुढे शीळ घालताय."

आपण गाडी चालवताना शीळ घालतो, हे त्याला माहीतच नव्हतं.

पेटीचे गंजलेले बोल्ट आवळल्यामुळे आणखीच घट्ट बसले होते. मिस्त्रीने ते कापले. तिथे मोडीतल्या मोटारीची पाठ कलणारी सीट बसवली आणि बायकोचे पाय खाली पोचणार नाहीत म्हणून पायाशी लाकडी पाट ठोकला. जीपच्या तळाच्या पत्र्यावर आवाज दाबायला लोकरीचा जाड नमदा अंथरला, दारांना नवं रबर लावलं, काढलेले पाटे परत घातले. सगळ्यात शेवटी हायवेचे गुळगुळीत टायर चढले. मिस्त्रीने या वेळी चेष्टा केली नाही. "हे जुने कुठे ठेवू?" एवढंच विचारलं.

"देऊन टाक कोणाला."

बायको अंगणात येऊन त्या सीटवर बसली. दार लावून घेतलं, उघडलं.

"एकदा येते," ती म्हणाली. "मग बघू."

इतक्या वर्षांच्या संसारात ती दोघं चालत्या जीपमध्ये अशी शेजारी बसली नव्हती. गाव मागे पडल्यावर ती स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "थांबवा."

त्याने जीप कडेला घेतली, धावत वळसा घालून तिच्या बाजूचं दार उघडलं.

"काही नाही," ती म्हणाली. "ऐकू येतं का बघितलं."

तो परत जाऊन बसला. पुढे तिने आणखी एकदा असंच थांबवलं. तो थांबला, खाली उतरला, दार उघडलं, आणि काही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर तिचा शब्द पुरता व्हायच्या आत गाडी कडेला लागली होती. त्या वेळी खरंच गरज होती. त्याच्या खांद्याला धरून ती झुडपामागे गेली, तो पाठ करून उभा राहिला. हायवेवरून ट्रक जात राहिले. परत येऊन बसल्यावर तिने तोंड पुसलं, दम खाल्ला, सीट जराशी मागे कलवली.

"पुढची तारीख कधीची दिलीय?" तिने विचारलं.