उस्मानभाईंचा चिखल

शोकसभेच्या फ्लेक्सवर ‘अपराजित योद्धा’ असं छापलेलं वाचलं, आणि सुभेदार उस्मानभाई खरंच गेले हे मला पटलं. ते असते तर तो फ्लेक्स दुपारपर्यंत टिकला नसता…

राहात्याजवळच्या आमच्या गावात, त्यांच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली आमचा रोजचा चहा. ते सांगत ती कायम हरलेली लढाई. जिंकलेल्या लढाईबद्दल विचारलं, तर म्हणत, “त्यात शिकन्यासारकं काय न्हाई, मास्तर.” त्या हरलेल्या लढाईत पलटण नवी, कोरी. सीमेवर पोचताच साहेबांनी छावणीतली टापटीप मागितली. जवानांनी खंदकांच्या कडेने दगड मांडून चुन्याने रंगवले. सकाळी शत्रूच्या तोफांना वेगळं काही शोधावं लागलं नाही. ठाणं गेलं, उस्मानभाईंचा राजूरचा दोस्तही गेला. माघारी आल्यावर त्याच साहेबांनी उरलेल्यांना गोलात बसवलं. हुद्दा बाजूला, सगळ्यात लहान आधी बोलेल. लहान उस्मानभाईच. “साहेब, दगड आम्ही रंगवले. पण हुकूम तुमचा होता.” साहेब म्हणाले, “बरोबर. उद्यापासून सगळ्याला चिखल फासा.” पुढच्या लढाईत ठाणं हललं नाही.

हा गोल त्यांनी गावात आणला आणि आमचा जीव खाल्ला. उरुसाचा मंडप कोसळला, बसा गोल. कबड्डीत हरलो, बसा गोल. एकदा वैतागून मी म्हणालो, “एखादी गोष्ट नुसती हरू द्या की!”

“हरा की. पन फुकट हरू नका.”

शेवटच्या आजारात त्यांचं मागणं एकच होतं. “मी गेल्यावर ते दगड सांगा, मास्तर. न्हाईतर माझा दोस्त फुकट मेला.”

सभा त्याच अंगणात. चार भाषणं झाली, चारही जिंकलेल्या लढायांची. माझी पाळी आली तेव्हा तरुण सरपंच कानाशी लागला, “मास्तर, हरल्याचं नका काढू, पाहुने आलेत.” मी समोर पाहिलं. सभेसाठी कडुलिंबाभोवती दगड मांडून पांढरेशुभ्र रंगवले होते! मी माईक घेतला आणि सगळं सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत.

पाहुणे गेले. उस्मानभाईंची मुलगी नसीम चिखल कालवलेली बादली घेऊन झाडाखाली आली.

“बसा गोल. सगळ्यात लहान कोन हाय?”

सरपंचाने भोवती नजर फिरवली. तोच होता.

“दगड आमी रंगवले,” तो म्हणाला. “हुकूमबी माझाच हुता.”

नसीमने बादली त्याच्याकडे सरकवली.