कोरफडीला पाणी

आज बागेतल्या कोरफडीचा गाभा सडलेला निघाला आणि त्या वासानं मला वाळवंटातल्या येरुहाम गावी, आमच्या जुन्या घराच्या अंगणात नेलं.

सैन्यात जाताना दादानं तिथे कोरफड लावली होती. "हिला रोज पाणी घालू नको, आई. कुजून मरेल," असं बजावून तो लेबननला गेला.

एका दुपारी गणवेशातली माणसं दारात येऊन दादा गेल्याचं सांगून गेली. घरात मरण आलं की भरलेलं पाणी ओतून द्यायचं, हा आम्हा ज्यूंचा कोकणातून सोबत आणलेला रिवाज. आईनं माठ, हंडा, किटली, सगळं कोरफडीवर ओतलं.

"दादानं काय सांगितलं होतं?" मी हिब्रूत विचारलं.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून, कोरफड सडेपर्यंत, रोज पाणी घालत राहिली.

दुःखानं तिचं भान हरपलंय, असं मला तेव्हा वाटलं. आता माझा मुलगा त्याच गणवेशात आहे. आई पुरती भानावर होती; लावणारा गेल्यावर त्याची कोरफड हिरवी राहिलेली तिला बघवत नव्हती.