सह्या आधी, मजकूर मागून

गणपत गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या मंडईत कारली जून आहेत की कोवळी यावरून हुज्जत घालत होतो. फोन त्याच्या बायकोचा, सुलोचनावहिनींचा. "गुरुजी, ह्ये गेले सकाळी," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. अशा वेळी माणसाला रडू यावं. मला राग आला. "मारला त्याला. दीड वर्ष लावून मारला," असं मी मोठ्याने बोललो आणि समोरची भाजीवाली तागडी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. त्याला आता दीड महिना झाला. राग उतरला की लिहू असं ठरवलं होतं, पण तो काही उतरत नाही, म्हणून रागातच लिहायला बसलो आहे.

आमची ओळखच मारामारीतली. मी महाडच्या बौद्धवाडीतला. गणपत उतेकर पोलादपूरच्या वरच्या अंगाचा, आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका वाडीतला. शिकायला महाडला मावशीकडे राहायचा. हायस्कूलात आम्ही एका बाकावर. आठवीत एकाने मला पाण्याच्या माठापाशी हटकलं, तेव्हा गणपत उठला, माठाला लाथ घातली आणि त्या पोराच्या तोंडावर अशी ठेवून दिली की त्याचे दात त्याच्याच ओठात घुसले. मास्तरांनी आम्हा दोघांनाही छडीने सोलून काढलं. मला का मारलं ते अजून मला कळलेलं नाही. गणपतला विचारलं तर म्हणाला, "तुझ्यापायीच फुटला ना माठ, मंग?" पुढे मी महाडलाच शाळेत गुरुजी झालो आणि तो मुंबईत एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागला. नोकरीभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या आणि निवृत्त होऊन बायकोसह वाडीत परतला. स्वतःचं मूल नव्हतं. वारलेल्या धाकट्या भावाचा महेश, तोच त्यांचा मुलगा. घरात गणपतचा एकच कायदा होता, तो चष्म्याचा. जाड भिंगांचा तो चष्मा दोन्ही हातांनी उचलायचा, काड्या मिटायच्या आणि भिंगं वर करून ठेवायचा. कोणी तो उपडा ठेवला की आईमाई निघायची. महेश चालायला लागला तेव्हापासून हे शिकला होता.

गणपतचं अक्षर इतकं देखणं की परतल्यावर महिन्याभरातच वाडीने गावकीची वही त्याच्या हाती दिली. गावकी म्हणजे वाडीची सगळी मिळून बैठक. पालखी आधी कोणाच्या दारात जाणार, कोणाच्या शेताची मेर कुठे संपते, विहीर कोणी उपसायची, सगळं त्या वहीत. मोठी बैठक शिमग्याला, मुंबईकर आलेले असतात तेव्हा, आणि त्यांना परतीची घाई. त्यामुळे गणपतची एक रीत पडून गेली: सह्या आधी, मजकूर मागून. डावीकडे समासाची लाल दुहेरी रेघ मारायची, ही छापखान्यातली सवय. पानाचा वरचा अर्धा भाग कोरा सोडायचा, खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घ्यायचे आणि काय ठरलं ते मागाहून, सावकाश, झोकात लिहायचं. मी एकदा त्याला टोकलंही होतं, की जन्मभर लोकांच्या ओळी तपासल्यास आणि इथे कोऱ्या कागदावर सह्या घेतोस? "ही गावकी हाय रे, कोर्ट नाय," तो म्हणाला. "आपलीच तर मानसं." मला ते पटलं. मी आणखी अर्धा कप चहा मागितला.

वाडीच्या माथ्यावर सडा आहे, कातळाचं मोकळं पठार. त्याच्या पोटातून वाडीचा झरा निघतो. त्या कातळात बॉक्साइट आहे हे सरकारला कळलं, एका कंपनीला कळलं आणि वाडीला सर्वांत शेवटी कळलं, तेही सुरुंगाच्या आवाजाने. चाचणी म्हणे. पहिल्याच दिवशी एक दगड कौलं फोडून गोठ्यात आला आणि वहिनींच्या गाभण शेळीची कंबर मोडली. ती ओरडत होती ते मी खाली पायवाटेवर ऐकलं. मी पोचेपर्यंत गणपतने कोयत्याने तिची मान उतरवली होती आणि तोच रक्ताळलेला कोयता घेऊन तो सड्याकडे निघाला होता. मी मागून धापा टाकत गेलो. त्याने मोजणीचे खांब तोडले, जीपची दोन चाकं फाडली, आणि आडव्या आलेल्या एका सायबाच्या दंडावर कोयत्याची उलटी बाजू हाणली. पलीकडे पोकलेनवर, कंपनीची निळी टोपी घालून, महेश बसला होता. मुंबईतली नोकरी गेल्यावर वर्षभर घरी बसलेल्या त्याला मिळालेलं ते पहिलं काम, हेही मी विसरत नाही. गणपतने त्याला हाताने खाली उतर म्हणून खुणावलं. महेश खाली उतरला नाही.

त्यानंतर विधानसभेत एका आमदारबाईंनी सरकारने कंपनीशी केलेल्या खाणीच्या करारावर प्रश्न विचारला. त्या आमच्या भागाच्याही नव्हत्या. सरकारला करार सभागृहाच्या पटलावर ठेवावा लागला आणि तो तपासायचं काम आमदारांच्या एका समितीकडे गेलं. कराराची प्रत मिळवायला मला चार महिने लागले आणि तेवढ्या वेळात मी जन्मात दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या. माझ्या पडवीत टेबलाशी बसून आम्ही दोघांनी ती वाचायला घेतली, गणपतच्या हातात पेन्सिल. सरकार कंपनीला सडा देणार होतं, रस्ता देणार होतं, झऱ्याचं पाणी देणार होतं. कंपनी वाडीला काय देणार ते 'यथावकाश' ठरणार होतं. गणपतने त्या शब्दाखाली रेघ मारली. शेवटी एक जोडपत्र होतं, ग्रामस्थांच्या संमतीचं. वर टाइप केलेला मजकूर, सड्यावरच्या खाणीला आमची हरकत नाही असा. खाली अख्ख्या वाडीच्या सह्या. आणि डावीकडे, झेरॉक्समध्ये काळी पडलेली, समासाची दुहेरी रेघ... सुरुंगांच्या आधीच्या शिमग्याच्या बैठकीचं पान होतं ते. त्या दिवशी सह्या झाल्या आणि गणपत तापाने आडवा झाला, मजकूर लिहायचा राहून गेला. पंचायतीतला एक जण झेरॉक्स काढतो म्हणून वही घेऊन गेला आणि आणून दिली. त्यातलं पान ब्लेडने कापलेलं आहे हे गणपतने पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. त्याने कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं, मी मानगूट धरेपर्यंत तीनदा, आणि रक्त त्या कराराच्या पानांवर पडलं.

दुसऱ्याच दिवशी गावकी बोलावून त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मी शेजारी उभा होतो. आधी लोकांना कळेना, मग कळलं. त्याच्याच भावकीतल्या दोघांनी त्याची गचांडी धरून त्याला देवळाच्या खांबावर आदळलं. एका म्हाताऱ्याने हातातली काठी घातली. मध्ये पडलो तर माझ्या बरगडीत कोणाचं तरी कोपर बसलं. मारापेक्षा वाईट होतं ते एका बाईचं बोलणं. "आजवर सगल्या पानांवर काय काय लिवलंस रे मंग?" तिने विचारलं. त्याने सगळ्या पानांवर खरंच लिहिलं होतं, पण ते आता सांगणार कसं? समितीपुढे त्याला एवढंच बोलायचं होतं, की सह्या खऱ्या आहेत, पण कोऱ्या कागदावरच्या आहेत आणि त्या मी घेतल्या. एवढं बोललं की संमती खोटी ठरणार होती आणि करार अडणार होता. त्याचबरोबर वहीतलं प्रत्येक पान खोटं ठरणार होतं, आणि जन्मभर अक्षरावर जगलेला गणपतही. घरी महेश त्याला म्हणाला, "काका, गप बसा. केस तुमच्यावरच होईल." गणपतने त्याला ताट फेकून मारलं.

समिती महाडच्या विश्रामगृहात साक्षी घेणार होती. आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास गणपत माझ्याकडे मुक्कामाला यायला निघाला. एस.टी.च्या थांब्याच्या अलीकडे, रस्त्याच्या वळणावर, तोंडाला फडकी बांधलेले चौघे उभे होते. त्यांच्याकडे लोखंडी पहारी होत्या. आधी उजवा हात दगडावर ठेवून मोडला, बोटं एकेक करून. मग पाठ, मग कंबर, मग तो पडल्यावर बुटांनी पोट. लघवीतून रक्त जात असताना तो सरपटत थांब्यापर्यंत आला आणि तिथे एका टेम्पोवाल्याने त्याला उचलला. दवाखान्यात मी पोचलो तेव्हा त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. चष्मा मात्र धड होता, टेम्पोवाल्याने तो आणून दिला होता. "वळनावर मैलाच्या दगडावर ठेवलेला व्हता," तो म्हणाला, "नीट, काड्या मिटून, भिंगं वर." मारायच्या आधी त्यांच्यातल्या एकाने तो गणपतच्या डोळ्यांवरून काढून ठेवला होता. मी गणपतच्या कानाशी वाकलो आणि विचारलं, कोण होता तो? त्याने सुजलेले डोळे मिटून घेतले. "पोलिसांना सांग, फडकी बांधलेली व्हती," म्हणाला. "आनि उद्या मला घेऊन चल."

डॉक्टर नको म्हणत असताना मी त्याला नेला. हात प्लास्टरमध्ये, खुर्चीत उशी. त्याच्या आधी वाडीतल्या पाच जणांना 'ही सही तुमची का' एवढंच विचारून झालं होतं आणि पाचही जणांनी सही आमचीच असं कबूल केलं होतं, कारण ती त्यांचीच होती. करार केलेल्या खात्याचे अधिकारी खुशीत दिसत होते. मग गणपत बोलला, दम खात खात, एकही शब्द न खाता. कंपनीने आणलेली माणसं दारात ओरडायला लागली. कोणीतरी खुर्ची भिरकावली, ती माझ्या नडगीवर बसली. एका शिपायाचं डोकं फुटलं. समितीचे अध्यक्ष टेबल बडवत होते. त्या गोंधळात एका सदस्याने विचारलं, "म्हणजे चूक तुमची आहे, हे तुम्ही मान्य करता?" गणपत म्हणाला, "माझीच हाय. लिवून घ्या. आनि मजकूर आधी लिवा, मग मी अंगठा देतो. सहीचा हात मोडलाय." अध्यक्षांनी टेबल बडवायचं थांबवलं आणि लिहून घ्यायला सांगितलं. त्या दिवशी मला त्याचा एवढा अभिमान वाटला की मी विश्रामगृहाच्या मागे जाऊन रडलो.

समितीचा अहवाल सभागृहात मांडला गेला. संमती ग्राह्य नाही, करार पुन्हा तपासावा, तोवर काम थांबवावं. पोकलेन सड्यावरून उतरलं. अहवालात गणपतचं नाव नाही. 'एका साक्षीदाराने आपली चूक मान्य केली' एवढीच ओळ आहे आणि ती मी त्याला वाचून दाखवली तेव्हा तो डायलिसिसच्या सुया टोचलेल्या हाताकडे बघत म्हणाला, "वाक्य चांगलं हाय, कुठं तपासायला नाय लागत." मूत्रपिंडं त्या माराने गेली होती. दीड वर्ष तो आठवड्यातून दोनदा महाडला येत राहिला. त्याला आणायचा, न्यायचा, पाठीवर घेऊन वाडीची चढण चढायचा तो महेश. मला वाटायचं, पोराला उपरती झाली. गणपत त्याच्या पाठीवर गप्प असायचा.

तेराव्याला मी वाडीत गेलो. विधी आटोपले, गावकी देवळाच्या मंडपात बसली. कापलेल्या पानाची ती वही मध्ये ठेवली होती. आता कोणी लिहायचं, असा प्रश्न होता. वहिनींनी गणपतचा चष्मा आणून वहीवर ठेवला, दुसऱ्या हाताने पदर सावरत होत्या म्हणून तो उपडाच पडला. महेश पुढे झाला. त्याने चष्मा दोन्ही हातांनी उचलला, काड्या मिटल्या, भिंगं वर करून कोनाड्यात ठेवला. दगडावरही त्यानेच ठेवला होता... मी उठलो आणि त्याच्या कानाखाली मारली. दुसरी मारली. तिसरीला त्याच्या नाकातून रक्त आलं, तरी तो हात बाजूला सोडून उभाच होता आणि मीही थांबत नव्हतो. एवढे लोक बसलेले, पण कोणी विचारलं नाही का मारताय म्हणून. शेवटी वहिनींनी माझं मनगट धरलं. "ह्यांना ठाऊक व्हतं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिसापासून. म्हनले, त्याचं तो बोलंल तवा बोलंल."

महेश वहीपाशी बसला. मला वाटलं सही करून सुटेल. त्याने पट्टी मागून समासाची दुहेरी रेघ मारली आणि वरून लिहायला घेतलं. कोणत्या वळणावर, कोण चौघे, कोणी पाठवलं, हात कोणी धरला, बोटं कोणी मोडली. धरलेला हात त्याचा होता. बोटं दुसऱ्याने मोडली असं लिहिलं, मग ते खोडून स्वतःचं नाव लिहिलं. नाकातलं रक्त पानावर पडत होतं ते तो बाहीने पुसत होता. लिहून झाल्यावर त्याने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, वहिनींकडे बघून, आणि मग खाली सही केली. त्यानंतर गावकीतल्या एकेकाने साक्ष म्हणून सही केली. मीही केली.

वही आता पोलिसांकडे आहे, महेश तुरुंगात. मी त्याला माफ केलेलं नाही. वहिनी दर रविवारी डबा घेऊन जातात, त्यांचं त्यांना ठाऊक. वाडीने नवी वही आणली आणि ती लिहायला मला सांगितलं, मी वाडीचा नसूनही. गेल्या आठवड्यात विहिरीच्या बैठकीला गेलो. वहिनींनी कोनाड्यातला चष्मा आणून माझ्यासमोर ठेवला, भिंगं वर. मी पट्टीने लाल रेघ मारली, ती वाकडी आली. मग काय ठरलं ते सगळं लिहिलं, दोनदा वाचून दाखवलं, आणि सह्या करायला सगळे थांबले होते.