जाळरेषेची पहिली काडी

आमच्या घरी राब भाजायचा तर पहिली काडी बाबांचीच. भाताच्या रोपासाठी वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. बाबांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा आता काडेपेटी थोरल्याकडे येणार, म्हणजे माझ्याकडे, असं मी धरूनच चाललो होतो. मी बोईसरच्या कंपनीत पाळीवर जातो हे खरं, पण मनोरजवळचं आमचं गाव काही परदेशात नाही.

यंदा होळीच्या आधी मुद्दाम रजा काढून गेलो. गावाच्या जंगलाला जाळरेषा काढायची होती. दरवर्षी हायवेकडून वणवा चढतो, म्हणून त्या कडेने रुंद पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळका पाला झाडून मधोमध ओढायचा आणि सकाळी वारा पडलेला असताना तो आपणच जाळून टाकायचा. मग वणव्याला पुढे खायला काही उरत नाही.

धाकटा भाऊ पुढे आणि सगळा गाव त्याच्या मागे. "तो पाला आत ओढा, इथलं गवत ऱ्हायलं," असं तो म्हणायचा आणि त्याच्या दुप्पट वयाची माणसं मुकाट ऐकायची. माझ्या पोटात दुखत होतं, खोटं कशाला बोलू. मी खराटा उचलला तर शेजारची काकू म्हणाली, "साहेब, बूट मळतील." बूट कंपनीचे होते, मळण्यासाठीच दिलेले. पण सगळे हसले, धाकटाही हसला.

पट्टा झाडून झाला. बाबा काठी टेकून बांधावर बसले होते. जाळरेषेलाही पहिली काडी त्यांचीच असायची. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. मी हात पुढे केला.

"तू ऱ्हाव दे," बाबा म्हणाले. "त्याला वारा कळतो."

काडेपेटी धाकट्याकडे गेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कंपनीत आगीची तालीम असते तेव्हा आग विझवायचं नळकांडं चालवायला मलाच पुढे करतात. इथे मला ऐनाची ओली फांदी देऊन कडेला उभं केलं, ठिणगी उडाली तर झोडपायला. धाकट्याने चिमूटभर माती सोडून वारा पाहिला, वाकला आणि काडी लावली. शर्ट पाठीवर उसवलेला, पण रुबाब असा की जंगल याच्या एकट्याच्या नावावर आहे. जंगल अख्ख्या गावाचं आहे, म्हणजे माझंही आहे.

तेवढ्यात एक पेटतं पान उडून जंगलाच्या बाजूला पडलं आणि तिथल्या गवताने पेट घेतला. मी धावलो. फांदीने झोडपलं, उरलेलं हातानेच माती लोटून विझवलं. तळवा चांगलाच भाजला. धाकटा पोचला तेव्हा नुसता धूर होता. मी बाबांकडे पाहिलं. आता तरी काही म्हणतील, असं वाटलं.

बाबा काठी टेकत आले. माझा हात हातात घेऊन त्यांनी नीट पाहिला.

"जपून," ते म्हणाले. "उद्या कंपनीत जायचं हाय तुला."

मग धाकट्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पुढचा ढीग कवा लावतोस?"