आईचा भागाकार

आज सकाळी माझी नात एस्तेर गणिताच्या पेपराला निघाली. दारातच डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, आईला भागाकार येऊ दे. आमेन." आणि पळाली.

माझा चहा हातातच निवला. मन तेव्हापासून माथेरानात आहे.

सत्तरच्या दशकात आमचे हे तिथे एका आडबाजूच्या बंगल्याचे रखवालदार होते. मुलगी रूथ, म्हणजे एस्तेरची आई, दम्यानं बेजार. पावसाळ्यात बाजारातल्या शाळेपर्यंत चालणं तिला झेपेना, म्हणून मीच घरी शिकवू लागले. धुकं खिडकीतून येऊन पाटीवर बसायचं. चुलीशी शेकल्याशिवाय पाटीवर पेन्सिल उमटत नसे. पाटी सुकेपर्यंत आमची प्रार्थना. भागाकार मलाच येत नव्हता, तोच मी रोज मोठ्यानं मागायचे, आणि रूथ माझ्यासाठी मागायची.

पाऊस सरला. चौथीत बसवण्याआधी गुरुजींनी तिला फळ्यावर भागाकार घातला. मी दाराशी जीव मुठीत धरून उभी. रूथनं हात जोडले, डोळे मिटले आणि भर वर्गात म्हणाली, "प्रभू, आईला भागाकार येऊ दे. आमेन."

वर्ग खो खो हसला. तिनं मात्र शांतपणे उत्तर काढलं, अगदी बरोबर.

गुरुजी म्हणाले, "अगं, तुला तर येतोय की!"

"मला येतोच, गुरुजी, पुस्तकातून शिकले. अडतं ते आईचं."

भागाकार मला आजही धड येत नाही. पण रूथनं लेकीला जशीच्या तशी शिकवलेली धुक्यातली ती प्रार्थना आज माझ्या दारातून पेपराला गेली. देवानं ऐकलं, असंच म्हणायचं ना हो?